बाटलीवर ‘नॅचरल’ लिहिलेली शीतपेये आणि आपली तब्येत: गोव्यात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिगमो आटोपतो, काजू पिकायला लागतात आणि अंगाची काहिली सुरू होते. मग दुकानाच्या फ्रिजमधल्या हिरव्या पानांच्या, नारळाच्या झाडांच्या, रसरशीत आंब्यांच्या चित्रांकडे हात आपोआप जातो. ‘काळे कोला नको, हे तरी नैसर्गिक आहे’ असे म्हणून आपण बाटली घेतो आणि घरी येऊन शंका काढत बसतो. त्या शंका इथे एकत्र केल्या आहेत. काही उत्तरे लांबली आहेत, काहींना एका ओळीपेक्षा जास्त जागा द्यायची गरज नाही.

बाटलीवर ‘नॅचरल’ लिहिलेय म्हणजे सरकारने तपासूनच परवानगी दिली असेल ना?

तसे समजू नका. एफएसएसएआय, म्हणजे देशाचे अन्नसुरक्षा प्राधिकरण, याचे दावे आणि जाहिरातींविषयीचे नियम २०१८ साली आले. त्यांत ‘नैसर्गिक’ या शब्दाला अटी आहेत. वनस्पती, प्राणी, खनिज वगैरेंपासून मिळालेला एकच पदार्थ, त्यात काहीही न घालता, फक्त खाण्याजोगा करण्यापुरती प्रक्रिया केलेला असेल, तरच त्याला नैसर्गिक म्हणता येते. पाणी, साखर, गर, आम्ल आणि सुवास एकत्र केलेले पेय या व्याख्येत बसतच नाही. फार तर ‘नैसर्गिक घटकांपासून बनवलेले’ म्हणता येईल, तेही सगळेच घटक तसे असतील तर.

पण कंपनीच्या नावातच ‘नॅचरल’, ‘प्युअर’, ‘फ्रेश’ असेल तर? तेव्हा ‘हे केवळ ब्रँडचे नाव आहे, पदार्थाच्या खऱ्या स्वरूपाशी त्याचा संबंध नाही’ अशा अर्थाची सूचना छापावी लागते. अक्षर किमान ३ मिलिमीटरचे हवे. पुढच्या वेळी बाटली फिरवून ती ओळ शोधा. सापडली की समजून जा, समोरचा मोठा शब्द म्हणजे दुकानाची पाटी आहे, मालाची यादी नव्हे.

कोलातली साखर वाईट हे मान्य. पण फळातली साखर ती चांगलीच ना?

फळ चावून खाल्ले तर हो. रस काढून प्यायलात तर उत्तर बदलते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली साखरेबाबत जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत ‘मुक्त शर्करा’ असा गट केला आहे. वरून घातलेली साखर त्यात आहेच, शिवाय मध, पाक, फळांचा रस आणि रसाचा आटवलेला अर्क यांतली साखरही त्यातच धरली आहे. अख्ख्या फळातली साखर मात्र धरलेली नाही. कारण सरळ आहे. संत्रे खाताना साखर चोथ्याच्या पेशींत अडकलेली असते, चावायला वेळ लागतो, पोट भरते आणि साखर रक्तात सावकाश उतरते. एक पेलाभर रसाला तीन-चार संत्री लागतात. तेवढी एका बैठकीत सोलून कोण खातो? रस मात्र दोन घोटांत संपतो आणि जेवण जेवढ्यास तेवढेच राहते. पातळ पदार्थातून पोटात गेलेल्या कॅलरींचा हिशेब भूक नीट ठेवत नाही.

दुसरी बाब फ्रुक्टोजची. उसाची साखर असो, मध असो की सफरचंदाचा अर्क, त्यात फ्रुक्टोजचा वाटा मोठा असतो आणि त्याचा निपटारा मुख्यतः यकृतात होतो. रोज भरपूर आले की यकृत त्याची चरबी करते. ‘दारूचा थेंब शिवत नाही, तरी सोनोग्राफीत फॅटी लिव्हर कसे आले?’ असे विचारणाऱ्यांनी आपण दिवसभर काय पितो ते एकदा कागदावर मांडावे. युरिक ॲसिड वाढून पायाचा अंगठा ठणकणाऱ्यांनीही.

हार्वर्डच्या संशोधकांचा एक मोठा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यात द्राक्षे, सफरचंद, ब्लूबेरी ही फळे खाणाऱ्यांत टाइप २ मधुमेहाचे प्रमाण कमी आढळले आणि फळांचा रस जास्त पिणाऱ्यांत ते जास्त आढळले. रोज गोड शीतपेय पिणाऱ्यांचा धोका रसवाल्यांपेक्षाही वरचा, हे इतर अभ्यासांतून दिसते. म्हणजे रस कोलाइतका वाईट नाही. पण फळाच्या पंगतीत बसण्याइतका चांगलाही नाही.

गोव्यात याची एवढी काळजी कशाला? आपण तर मासे-भात खाणारी माणसे.

कारण आयसीएमआर-इंडियॅब या देशव्यापी पाहणीचे आकडे २०२३ साली जाहीर झाले, तेव्हा मधुमेहात गोवा सगळ्या राज्यांत पहिला होता: २६.४ टक्के. देशाची सरासरी ११.४ टक्के. याचे खापर एकट्या शीतपेयांवर फोडता येणार नाही. वय, बैठे काम, भात, पाव, दारू, आनुवंशिकता असे सगळेच त्यात आहे. पण ज्या राज्यात चारातल्या एका प्रौढाला मधुमेह आहे, तिथे ‘नैसर्गिक’ म्हणून घरात आलेली साखर कुणाच्या तरी पेल्यात जाणारच.

मग दिवसाला साखर चालते तरी किती?

मुक्त शर्करा एकूण उष्मांकाच्या १० टक्क्यांच्या आत हवी, आणि ५ टक्क्यांच्या आत आली तर अधिक बरे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. दिवसाला २,००० कॅलरी धरल्या तर ही दुसरी मर्यादा २५ ग्रॅमची होते, म्हणजे सहा छोटे चमचे. चहातली साखरही यातच मोजायची.

आता एक मेख बघा. आपल्याकडच्या लेबलांवर ‘अमुक टक्के आरडीए’ (दिवसाच्या शिफारशीच्या प्रमाणाचे टक्के) असा जो रकाना असतो, त्यात वरून घातलेल्या साखरेसाठी दिवसाचे ५० ग्रॅम हे प्रमाण धरलेले असते. म्हणजे लेबलावर ४० टक्के दिसले की २० ग्रॅम साखर झाली, आणि २५ ग्रॅमच्या हिशेबाने दिवसाचा ८० टक्के कोटा तिथेच संपला.

लेबल नेमके कसे वाचायचे? अक्षरे तर मुंगीएवढी असतात.

मोबाइलने फोटो काढा आणि मोठा करून बघा. पुढची बाजू वाचायची नाही, ती चित्र बघण्यापुरतीच.

समजा, हातात आंब्याच्या पेयाची २५० मिलीची बाटली आहे. आधी घटकांची यादी वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. पहिले नाव पाण्याचे असेल. दुसरे किंवा तिसरे साखरेचे असेल तर आंबा किती मागे ढकलला गेलाय ते कळेल. फळाच्या तयार पेयात फळाचा अंश १० टक्के असला तरी नियमात बसतो, लिंबाच्या पेयाला ५ टक्के पुरतात. बाटलीभर मानकुराद आंबा पिळलाय अशी समजूत असेल तर ती इथेच सोडून द्या.

साखर बऱ्याचदा नाव बदलून येते: लिक्विड ग्लुकोज, इन्व्हर्ट सिरप, फ्रुक्टोज, माल्टोडेक्स्ट्रिन, सफरचंदाचा किंवा द्राक्षाचा कॉन्सन्ट्रेट, खजुराचा पाक. एकाच साखरेचे तीन तुकडे करून तीन नावांनी लिहिले की प्रत्येक तुकडा यादीत खाली जातो.

मग पोषणाच्या तक्त्याकडे या. एकूण शर्करा १०० मिलीमागे १२ ग्रॅम लिहिली असेल तर ती बारा नाही, कारण बाटली अडीचशेची आहे: ३० ग्रॅम, म्हणजे साडेसात चमचे. ३३० मिली कोलाच्या डब्यात साधारण ३५ ग्रॅम साखर असते. आंब्याची बाटली तेवढीच मोठी असती तर कोलाच्याही पुढे गेली असती.

आयएनएस क्रमांकांना, म्हणजे पेयात घातलेल्या पदार्थांच्या सांकेतिक आकड्यांना, सरसकट घाबरू नका. ३३० म्हणजे सायट्रिक आम्ल, ४४० म्हणजे पेक्टिन, २११ म्हणजे सोडियम बेंझोएट हे परिरक्षक, ९५५ म्हणजे सुक्रालोज, ९६० म्हणजे स्टीव्हिया. १०२ आणि ११० हे कृत्रिम पिवळे-नारिंगी रंग. ‘नैसर्गिक रंग’ वाचून हुरळायचेही कारण नाही. कारमाइन नावाचा लाल रंग किड्यांपासून काढतात, तोही नैसर्गिकच.

‘१०० टक्के ज्यूस’ लिहिलेले खोके तरी घ्यावे का?

त्यातले बरेचसे रस आटवून, साठवून, पुन्हा पाणी घालून केलेले असतात. जून २०२४ मध्ये एफएसएसएआयने अशा रसांच्या लेबलांवरून आणि जाहिरातींतून ‘१०० टक्के फळांचा रस’ हा दावा काढून टाकायला सांगितले. ‘साखर घातलेली नाही’ हे खरे असू शकते, पण फळाची आपली साखर असतेच. द्राक्षाच्या रसात ती १०० मिलीला १५ ग्रॅमच्या आसपास जाते, कोलापेक्षाही जास्त.

कोकम सरबत तर आपले घरचे. त्याला नावे ठेवू नका!

कोकमाला नाही ठेवत, बरणीला ठेवतो. अमृत कोकम कसे करतात ते आठवा. पिकलेली लालबुंद फळे अर्धी कापायची, बिया काढायच्या, साल वाट्यांसारखी मोकळी करायची, त्या वाट्या साखरेने शिगोशीग भरायच्या, काचेच्या बरणीत थर लावायचे आणि बरणी अंगणात उन्हात ठेवायची. आठवड्याभरात साखर विरघळून तो गडद जांभळट-लाल पाक सुटतो. त्यात साखर फळाच्या दुप्पट जाते. हा पाक टिकतो तोच मुळी साखरेमुळे. पेल्यात ४० मिली पाक घातला की २५ ते ३० ग्रॅम साखर झाली. घरच्या माणसाने प्रेमाने केलेली असली तरी रक्तातल्या साखरेला ते नाते कळत नाही.

कोकमाचा रंग अँथोसायनिनचा, आंबटपणा हायड्रॉक्सिसायट्रिक आम्लाचा, शिवाय सालीत गार्सिनॉल असते. या सगळ्यांवर प्रयोगशाळेत काम झाले आहे आणि त्याच आधारावर ‘कोकमाने वजन उतरते’ म्हणून विक्री चालते. सरबताच्या पेल्याने वजन उतरल्याचा भरवशाचा पुरावा नाही. हायड्रॉक्सिसायट्रिक आम्ल असलेल्या, कोकमाच्याच जातकुळीतल्या गार्सिनियाच्या कॅप्सूल घेणाऱ्या काहींच्या तर यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. जेवणातल्या सोलांची (कोकमाच्या सुकवलेल्या सालींची) ती गोष्ट नव्हे, एकवटलेल्या अर्काची आहे.

सोपा मार्ग आपल्याच स्वयंपाकघरात आहे. चार-पाच सोले पाण्यात भिजत घाला, कुस्करा, हिरवी मिरची, लसूण, कोथिंबीर आणि चिमूटभर मीठ घाला. फुटी कढी झाली. नारळाचा रस घातला की सोलकढी. दोन्हींत साखर नाही. आगळ, म्हणजे कोकमाचा रस, वापरत असाल तर ते खारवलेले असते, त्यामुळे रक्तदाबवाल्यांनी वरून मीठ घालू नये. बाहेरून आणलेल्या तयार सोलकढीत साखर असते का, हे विचारून घ्या. हल्ली असते.

उसाचा रस, गूळ, मध?

उसाच्या रसात १०० मिलीला १३ ते १५ ग्रॅम साखर असते. मोठा पेला म्हणजे तीस-पस्तीस ग्रॅम. महिन्यातून कधी गाड्यावर उभे राहून प्यायलात तर बिघडत नाही. मधुमेहींनी टाळावा. गुळात लोह असते, पण चमचाभर गुळातून मिळणारे लोह नगण्य, साखर मात्र पुरेपूर. मधाचेही तेच.

रसाइतकेच लक्ष बर्फाकडे द्या. मासळीसाठी केलेली लादी फोडून पेल्यात पडत असेल तर टायफॉइड, कावीळ, जुलाब यांना वेगळे आमंत्रण द्यावे लागत नाही.

आडसराचे (शहाळ्याचे) पाणी तर निर्धोक ना?

बहुतेकांना हो, आणि या यादीतले सगळ्यांत चांगले पेय तेच. साखर कोलाच्या निम्म्याहूनही कमी, पोटॅशियम भरपूर: १०० मिलीला साधारण २५० मिलिग्रॅम. सीलबंद बाटलीत मात्र घटक वाचा. काहींत साखर घातलेली असते.

ज्यांची मूत्रपिंडे अधू आहेत त्यांना हेच पोटॅशियम घातक. ते शरीराबाहेर टाकले जात नाही, रक्तात साचते आणि हृदयाचे ठोके बिघडवू शकते. डायलिसिसवर असलेल्यांनी, तसेच स्पायरोनोलॅक्टोन किंवा टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल यांसारख्या गोळ्या घेणाऱ्यांनी रोज आडसर घेण्याआधी डॉक्टरांना विचारावे. काणकोणात मूत्रपिंडाचे रुग्ण किती आहेत हे वेगळे सांगायला नको, म्हणून हे ठळकपणे सांगतोय.

करमलाचा, बिंबलाचा, दुधीचा रस घ्या म्हणून व्हॉट्सॲपवर येते. ते?

इथे मात्र हात जोडून विनंती आहे. करमलात, म्हणजे स्टारफ्रूटमध्ये, असे एक द्रव्य असते, जे निरोगी मूत्रपिंड सहज बाहेर टाकते. अधू मूत्रपिंडाला ते जमत नाही, मग न थांबणारी उचकी, गोंधळलेपण, झटके, क्वचित मृत्यू. मूत्रपिंडाच्या रुग्णाने करमलाची फोडही तोंडात घालू नये.

बिंबले, म्हणजे बिलिंबीची आंबट फळे, आमटीत, लोणच्यात दोन-चार पडतात, त्याने काही होत नाही. पण कोलेस्टेरॉल उतरते म्हणून कुणी त्यांचा रस काढून पेलाभर पितो, तेव्हा ऑक्झॅलेटचा मारा होतो आणि त्याचे स्फटिक मूत्रपिंडात अडकतात. अशाने मूत्रपिंडे अचानक निकामी झालेल्या दहा रुग्णांची नोंद केरळमधून २०१३ साली वैद्यकीय नियतकालिकात आली. ते आपल्या मागच्या परसातलेच झाड आहे.

दुधीचा रस कडू लागला तर ताबडतोब थुंका आणि उरलेला ओतून टाका. कडूपणा कुकुरबिटासिन या विषारी द्रव्याचा असतो आणि त्याने माणसे दगावली आहेत. ‘कडू ते औषधी’ हा नियम इथे लागू नाही.

काजूच्या निऱ्याबद्दल काय? आणि उर्राकात घालायच्या लिंबूसोड्याबद्दल?

निरो म्हणजे बोंडूंचा ताजा रस. जीवनसत्त्व ‘क’ संत्र्यापेक्षा कितीतरी जास्त, साखरही इतर रसांएवढीच. सकाळचा निरो दुपारपर्यंत आंबायला लागतो, त्यामुळे लहान मुलांना द्यायचा तर ताजाच. हंगामच दोन-तीन महिन्यांचा, अर्धा पेला प्या, मजा घ्या.

उर्राकात, म्हणजे काजूच्या रसाच्या दारूत, लिंबाच्या चवीचे गोड पेय ओतले की यकृताला दोन कामे एकदम लागतात. साधा सोडा, लिंबू, मीठ, चिरलेली मिरची घाला. उर्राकाचे समर्थन मी करत नाही, पण सत्तरी तालुक्यात मे महिन्यात राहून ‘कुणी पीतच नाही’ असेही म्हणता येणार नाही.

जुलाब झाले की ‘ओआरएस’ लिहिलेले फळाच्या चवीचे खोके देतो. बरोबर ना?

नाही. ओआरएस म्हणजे जुलाबात द्यायचे साखर-मिठाचे पाणी, आणि त्याच्या जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात लिटरमागे १३.५ ग्रॅम ग्लुकोज आणि ठरलेले क्षार असतात. फळाच्या चवीच्या अशा अनेक पेयांत साखर त्याच्या कित्येक पट आणि क्षार कमी असत. जास्त साखर आतड्यात पाणी ओढते, जुलाब वाढतात. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी याविरुद्ध अनेक वर्षे एकहाती लढा दिला. शेवटी ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने सूत्रात न बसणाऱ्या पेयांच्या नावात ‘ओआरएस’ वापरायला बंदी केली.

औषधाच्या दुकानातून जागतिक आरोग्य संघटनेचे सूत्र लिहिलेली पुडी घ्या आणि पुडीवर लिहिले असेल तेवढ्याच पाण्यात विरघळवा. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा. पेजेचे पाणीही चालते.

स्टीव्हियाचे पेय नैसर्गिक आहे. मधुमेहींना योग्य?

साखरेच्या पेयापेक्षा योग्य. पण २०२३ साली जागतिक आरोग्य संघटनेने वजन आटोक्यात ठेवण्यासाठी साखरेऐवजी असे गोडी आणणारे पदार्थ वापरू नयेत, असा सल्ला दिला आणि त्या यादीत ॲस्पार्टेम, सुक्रालोज यांच्यासोबत स्टीव्हियाही आहे. आधीपासून मधुमेह असलेल्यांना तो सल्ला लागू नाही, हेही त्यातच स्पष्ट केले आहे. जिभेची गोडाची सवय मात्र तशीच राहते.

साखर नसलेले असेल तर दातांना तरी त्रास नाही ना?

दाताचे वरचे कवच सामू (पीएच, आम्लतेचे माप; जितका कमी तितके आम्ल जास्त) साडेपाचाच्या खाली गेला की विरघळू लागते. कोलाचा सामू अडीचच्या आसपास, लिंबाच्या रसाचाही तितकाच. आम्ल नैसर्गिक की कारखान्यातले हे दाताला समजत नाही. घोट घोट करत तासभर पीत बसू नका. प्यायल्यावर साध्या पाण्याने चूळ भरा, आणि ब्रश अर्ध्या तासाने करा, लगेच केलात तर मऊ झालेले कवच खरवडले जाते.

कोंबुचा? गवाराना घातलेली ‘नॅचरल एनर्जी’?

हणजूण, आसगावच्या कॅफेंमुळे कोंबुचा आता म्हापशाच्या दुकानांतही दिसतो. आंबवलेला चहाच तो. साखर किती उरली ते लेबलावर बघा. थोडे अल्कोहोल तयार होते, म्हणून गरोदर स्त्रिया आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी घरी केलेला टाळावा.

गवाराना या वनस्पतीच्या बियांतले कॅफीन आणि कॉफीतले कॅफीन एकच. आपल्या नियमांनुसार कॅफीनयुक्त पेयात लिटरला १४५ ते ३०० मिलिग्रॅम कॅफीन असू शकते. मुलांना देऊ नये, अशी सूचनाही त्यावर असते. मुलाला परीक्षेच्या आदल्या रात्री ते आणून देणाऱ्या पालकांनी ती वाचावी.

जत्रेत, उन्हात मुले मागतात. काय द्यायचे?

शिरगावच्या लईराईच्या जत्रेला वैशाखाच्या उन्हात तासन् तास उभे राहणाऱ्यांना गोड पेय नको, पाणी हवे असते. घरून पाण्याची बाटली, पातळ ताक, साखर बेताची घातलेले लिंबूपाणी न्या. मुलाने हट्ट धरलाच तर लहान बाटली घ्या आणि दोघांत वाटा. रोजच्या डब्यात मात्र रसाचा खोका नको, तिथे केळे द्या.

मधुमेह आहे. मग गोड रस घरात ठेवायचाच नाही का?

एक छोटा खोका ठेवाच, औषध म्हणून. इन्शुलिन किंवा काही गोळ्यांमुळे रक्तातली साखर ७० च्या खाली उतरली, घाम फुटला, हात थरथरले, तर लगेच १५ ग्रॅम साखर पोटात जायला हवी: साधारण अर्धा कप गोड रस किंवा तीन-चार चमचे साखर पाण्यातून. १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. अशा वेळी ‘शुगर-फ्री’ पेय दिले तर काहीच उपयोग होत नाही, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही ओतू नका, थेट १०८ला फोन लावा.

लेबलावरचा दावा खोटा वाटला तर तक्रार कुठे करायची?

गोव्याचे अन्न व औषध प्रशासन संचालनालय बांबोळीला आहे. एफएसएसएआयच्या फूड सेफ्टी कनेक्ट ॲपवरही तक्रार नोंदवता येते, आणि ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. बाटली, बिल आणि बॅच क्रमांकाचा फोटो जपून ठेवा. बाटलीत थोडे पेय उरले असेल तर झाकण घट्ट लावून फ्रिजमध्ये ठेवा, ओतून टाकू नका.